कर्रर्र! गिअर बदलण्याचा इतिहास, बोरी अरबहून

या भागाच्या सुरुवातीला जो 'कर्रर्र' असा आवाज येतो तो खरा आहे, आणि तो पराक्रम माझा आहे. दिवाळीला गावी गेलो होतो, यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबला. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि घरची जुनी मॅन्युअल गाडी दारव्हा रोडवर काढली. पुण्यात मी ऑटोमॅटिक चालवतो, त्यामुळे डावा पाय आळशी झालाय. तिसऱ्यातून दुसरा टाकताना क्लच अर्धाच दाबला गेला आणि गिअरबॉक्सनं जाहीर निषेध केला. मागच्या सीटवर मोठी आई होती. ती म्हणाली, "गाडी चालवून राहिला का दळण दळून राहिला बापा?"

बाजूला मोठे बाबा. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांनी तीसेक वर्षं ट्रक चालवला, बहुतेक कापसाच्या गाठींचा. त्यांच्या ट्रकात इंजिन अर्धं केबिनमध्येच होतं, डाव्या गुडघ्याला लागून. तीस वर्षं ते इंजिन डाव्या कानाशी बोलत राहिलं, आता तो कान गेलाय. उजव्या कानाशीही मोठ्यानं बोलावं लागतं. तरी माझा गिअर करकरला हे त्यांना मोठ्या आईच्याही आधी कळलं, कारण त्यांचा तळवा डॅशबोर्डवर टेकलेला होता. ते एवढंच म्हणाले, "घाई काऊन करून राहिला? गाडीले पुस ना आधी."

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, जरा कवितेत बोलतोय. पण नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की 'गाडीले पुस' ही शुद्ध तांत्रिक सूचना आहे. गाडी चालवण्याच्या इतिहासातली पहिली काही दशकं तर बऱ्याच गाड्यांत दुसरा मार्गच नव्हता.

आधी एक साधा प्रश्न. गिअर लागतातच कशाला? याचं उत्तर आमच्याच तालुक्यात आहे. दारव्ह्यावरून पूर्वी जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेज, म्हणजे आपली शकुंतला. वऱ्हाडातला कापूस वाहून न्यायला ब्रिटिशांच्या काळात ती घातली गेली. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 च्या एप्रिलपर्यंत ओढत होतं. त्या इंजिनाला गिअरबॉक्स नव्हता. वाफेचा दाब दट्ट्यावर पडतो तेव्हा चाक फिरत असो की थांबलेलं असो, जोर मिळतोच. थांबलेल्या गाडीला वाफ पूर्ण ताकदीनं ढकलू शकते.

पेट्रोल आणि डिझेल इंजिनाला हे जमत नाही. ते स्वतः फिरत असेल तरच जोर देतं. मिनिटाला सहा-सातशे फेऱ्यांच्या खाली गेलं की धापा टाकून बंद पडतं, आणि वर एका मर्यादेपलीकडे गेलं की फुटायला येतं. चाकाला मात्र शून्यापासून शंभर किलोमीटर वेगापर्यंत सगळं हवं असतं. त्यामुळे मध्ये लहान-मोठ्या दातेरी चक्रांच्या जोड्या घालाव्या लागतात. चढाला सायकलचा हलका गिअर ज्यांनी टाकलाय त्यांना जास्त सांगायला नको.

कठीण आहे ते एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर जाणं, तेही गाडी चालू असताना.

1890 च्या दशकात फ्रान्समध्ये पानार आणि लेव्हासर यांच्या कंपनीनं जो गिअरबॉक्स बनवला, त्याचाच सांगाडा पुढे जगभर पसरला. दोन दांडे. एकावर सरकणारी चक्रं, दुसऱ्यावर पक्की बसवलेली. दांडी ओढली की एक चक्र सरकत जाऊन दुसऱ्याच्या दातांत दात घालतं. कागदावर सोपं आहे. पण दोन्ही चक्रं फिरत असतात, आणि वेगवेगळ्या वेगानं. चालत्या पंख्यात दुसरा पंखा घुसवण्यासारखा प्रकार. दात जुळले तर ठीक, नाही तर कर्रर्र, आणि तेलात लोखंडाचा चुरा.

समजा ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेतंय. गाडीचा वेग तोच ठेवून दुसऱ्यात यायचं असेल तर इंजिनाचे फेरे साधारण 2500 व्हायला हवेत. हे मधले हजार फेरे कोणी भरायचे? जुन्या गाडीत उत्तर एकच: ड्रायव्हरनं.

यासाठी जी युक्ती होती तिला सगळे ट्रकवाले 'डबल क्लच' म्हणतात. क्लच दाबा, दांडी न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. हो, सोडा. इथेच नवशिके गोंधळतात. क्लच दाबलेला असतो तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंधच तुटलेला असतो. मग कितीही रेस द्या, आतली चक्रं आपल्याच तालात. क्लच सोडला की इंजिन त्यांना हात देऊ शकतं. आता रेस द्या, फेरे 2500 च्या आसपास आले की पुन्हा क्लच, आणि दांडी दुसऱ्यात. वरचा गिअर टाकताना उलटं: रेस न देता क्षणभर थांबायचं, चक्रं मंद होऊ द्यायची.

त्या ट्रकांच्या डॅशबोर्डवर फेरे दाखवणारा काटा नसायचा. 2500 झाले हे कशावरून कळणार? आवाजावरून. दांडी हलकेच नव्या गिअरच्या तोंडाशी न्यायची, आत बारीक किरकिर लागली तर अजून वेळ आहे, मऊ लागली तर सोडायची. मोठे बाबा 'पुस' म्हणतात ते हे.

आणि हे कोणी वर्गात शिकवत नव्हतं. पोरगा आधी क्लीनर व्हायचा. टायर ठोकायचा, काच पुसायचा, उस्तादाच्या शिव्या खायचा आणि रात्रंदिवस ऐकायचा. दोन-तीन वर्षांनी एखाद्या रात्री रिकामा ट्रक आणि मोकळा रस्ता असला की उस्ताद म्हणायचा, ये बस. मोठ्या बाबांना पहिल्यांदा स्टिअरिंग असंच मिळालं, मेहकरच्या अलीकडे कुठंतरी.

त्यांचा नेहमीचा रस्ता होता कारंजा, मेहकर, जालना, औरंगाबाद, नाशिक आणि पुढे मुंबईच्या गिरण्या. रुईची एक गाठ 170 किलोची. पन्नास गाठी म्हणजे साडेआठ टन. एवढं ओझं घेऊन विदर्भ-मराठवाड्याच्या सपाटीवर गिअर चुकला तर फार तर क्लीनरसमोर लाज जाते. नाशिक सोडून कसारा घाटात उतरायला लागलं की हिशेब बदलतो.

घाट उतरताना खालचा गिअर का टाकायचा, हे आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून जरा थांबतो. खालच्या गिअरमध्ये चाकं इंजिनाला फिरवायला बघतात आणि इंजिन त्यांना मागे ओढून धरतं. ब्रेकवरचा भार कमी होतो. नुसत्या ब्रेकवर साडेआठ टन उतरवायला गेलात तर ड्रम तापतात, तापले की पकड सुटते, आणि पाय पॅडलवर असूनही गाडी थांबत नाही. आता विचार करा, तुम्ही तिसऱ्यातून बाहेर पडलात आणि दुसरा पडत नाहीये. त्या क्षणी ट्रक न्यूट्रलमध्ये आहे. उतारावर वेग वाढतोय. वेग वाढला की दुसऱ्या गिअरसाठी लागणारे फेरेही वाढतात. प्रत्येक सेकंदाला तुमचं लक्ष्य तुमच्यापासून लांब पळतंय.

मोठ्या बाबांच्या बाबतीत हे एकदाच घडलं. सालही ते सांगत नाहीत, फक्त पाऊस होता एवढं सांगतात. दोनदा दांडी परत आली. तिसऱ्यांदा त्यांनी ब्रेकवर जोर देऊन वेग थोडा तोडला, तोच पाय फिरवून पूर्ण रेस दिली, इंजिन किंचाळलं आणि गिअर पडला. क्लीनर दार उघडून लाकडी ठोकळा हातात घेऊन पायरीवर उभा होता, उडी मारायच्या बेतात. "मंग खाली कसाऱ्यात गाडी लावली. च्या घेतला. दोघंबी बोललो नाही." यापुढे ते काही सांगत नाहीत, मीही विचारलं नाही.

आज आपण 'स्मूथ गिअर' म्हणतो तेव्हा कॉफी सांडली नाही म्हणून खूश असतो. त्या काळी गिअर अलगद पडणं म्हणजे पडणं, आणि करकरला म्हणजे बहुतेक वेळा पडलाच नाही.

1982 च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि गाठींच्या त्या खेपा आटल्या. नंतर त्यांनी दुसरा माल वाहिला. पण तोवर मोटारींच्या दुनियेत हा प्रश्न निम्मा सुटून बरीच वर्षं झाली होती.

1928 साली अमेरिकेत कॅडिलॅकनं आपल्या नव्या मॉडेलमध्ये सिंक्रोमेश आणलं. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची ही कल्पना. तिचं पुढे रुळलेलं रूप फार साधं आहे. दात दातांत जाण्याआधी एक पितळी कडं चक्राच्या उतरत्या कडेवर घासलं जातं. घासून घासून दोघांचा वेग एक होतो, आणि तो एक होईपर्यंत ते कडं दांडीला पुढे जाऊच देत नाही. म्हणजे जे काम उस्तादाचा कान करायचा, ते एका पितळी कड्यानं उचललं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की यात वीज नाही, संगणक नाही, काही नाही. फक्त घर्षण, योग्य वेळी.

पण ते सगळीकडे एकदम पोचलं नाही. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत ज्या विलीज जीप जुळवायला घेतल्या, त्या जातीच्या जीपमध्ये तीन गिअर होते आणि पहिल्याला सिंक्रो नव्हता. तालुक्याच्या साहेबांची जीप थांबता थांबता पहिल्यात घालताना जो आवाज करायची, तो मोठ्या आईलाही आठवतो. ट्रक आणि बसमध्ये तर अजून उशीर. अवजड चक्रांना सारख्या वेगावर आणायला कड्यावर खूप ताण येतो, कडं लवकर झिजतं. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकांत बिनसिंक्रोचे गिअरबॉक्स आजही चालतात.

मोटारींत आपल्याकडे मधला मोठा टप्पा म्हणजे फिएट. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. तिथूनच पुढे फिएट 1100 आणि मग 1974 पासून प्रीमियर पद्मिनी आली. तिची गिअरची दांडी स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे पुढे सलग बाकडं बसायचं आणि तिथे एक सवारी वाढायची. टॅक्सीवाल्यांना अजून काय हवं? तोटा असा की हातातली दांडी आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लांबलचक जोडकाम. ते सैल झालं की प्रत्येक टॅक्सीचा दुसरा गिअर वेगळ्या ठिकाणी सापडायचा, आणि तो फक्त तिच्या मालकालाच माहीत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती, 20 वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली तिचा क्लच हलका, दांडी जमिनीवर आणि आखूड. ज्यांनी आधी फिएट चालवली होती ते अजून सांगतात, गिअर बोटानं पडायचा.

मग प्रश्न असा की सिंक्रो असूनही माझ्या गाडीला झटका का बसतो? करकर सोडा, ती क्लच अर्धा दाबल्याची शिक्षा होती. पण क्लच पूर्ण दाबून, गिअर मऊ पडूनही क्लच सोडताना सगळे पुढे झुकतात, ते का?

कारण जुळवायच्या गोष्टी दोन आहेत. एक गिअरबॉक्सच्या आत, चक्र आणि चक्र. ती सिंक्रोनं घेतली. दुसरी क्लचपाशी, इंजिन आणि गिअरबॉक्स. ती अजून तुमच्याच पायात आहे. मघाचं उदाहरण घ्या. दुसरा पडला, पण इंजिन अजून 1000 वर लोळतंय आणि गिअरबॉक्सला हवेत 2500. तुम्ही क्लच सोडला. आता गाडी स्वतःचा वेग खर्च करून इंजिनाला वर खेचते, तोच झटका. म्हणून खालच्या गिअरमध्ये येताना क्लच दाबलेला असतानाच थोडी रेस द्यायची, मग सोडायचा. वर जाताना रेस सोडून क्षणभर थांबायचं, फेरे उतरू द्यायचे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला 'क्लच हळू सोड' एवढंच सांगितलं होतं. हळू सोडल्यानं झटका लपतो खरा, पण तो फरक क्लचप्लेट घासून भरून निघतो. बिल नंतर येतं.

ही दुसरी जुळवणी आपल्या स्वस्त गाड्यांत यंत्रानं हातात घेतली ती 2014 मध्ये, मारुती सेलेरिओच्या एएमटीनं. तंत्र इटलीच्या मॅग्नेटी मरेलीचं. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, सिंक्रोची कडी तीच. फक्त क्लच दाबायला आणि दांडी हलवायला यांत्रिक हात, आणि त्यांना सांगायला एक छोटा संगणक. तो इंजिनाचे फेरे मोजतो, चाकाचा वेग मोजतो आणि ठरवतो. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हे वाचताना मला जरा गंमत वाटली. 'कान' आता काही हजार ओळींचा झालाय. आणि सुरुवातीच्या एएमटी गाड्या पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान हलवायला लावायच्या, तेव्हा तो कानही नवशिका क्लीनरच होता म्हणायचा.

इथे बरेच जण म्हणतात, खरी ड्रायव्हिंग म्हणजे मॅन्युअलच. मला हे पटत नाही. मोठ्या बाबांचा कान आणि डावा गुडघा मी रोज बघितलाय. जड क्लच, जड दांडी, तापलेलं केबिन, या सगळ्यामुळे हे काम कोणाचं आणि कोणाचं नाही हेही आपोआप ठरून गेलं होतं. एसटीनं 2019 साली महिला चालकांचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी मुलीही होत्या. 2023 मध्ये महिला चालक प्रत्यक्ष गाडीवर दिसू लागल्या. याचं श्रेय आधी त्या मुलींचं, पण गिअर हलके झाले नसते तर ती परीक्षा आणखी अवघड झाली असती.

एसटीवरून आठवलं. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, गेली. लाकडी बॉडीची बेडफर्ड. 1 जून 2022 ला त्याच रस्त्यावर 'शिवाई' ही विजेवरची बस सोडली. विजेची मोटर थांबलेल्या चाकालाही पूर्ण जोर देते, शकुंतलेच्या वाफेसारखाच. ड्रायव्हरला बदलायला गिअर उरतच नाहीत. म्हणजे आपल्या भागातली आगगाडी बिनगिअरची होती, नवी बसही बिनगिअरची आहे, आणि मधली शंभरेक वर्षं मधल्या माणसांनी कानानं भरून काढली.

मला हळहळ वाटते ती एकाच गोष्टीची. हे ज्ञान कोणी लिहून ठेवलं नाही. कुठल्या घाटात कुठल्या वळणाआधी कुठला गिअर, पावसात काय, रिकाम्या ट्रकला काय, हे सगळं उस्तादाकडून क्लीनरकडे तोंडी गेलं आणि तिथेच थांबलं. म्हणून या भागासाठी मी मोठ्या बाबांचं बोलणं चार तास रेकॉर्ड केलं. तुमच्या घरी कोणी असे असतील तर तुम्हीही करा, मोबाईल आहेच.

असो. तर त्या दिवशी दारव्ह्याहून परत येताना बोरीजवळ अडाण नदीच्या पुलाकडे रस्ता उतरतो तिथे मी ठरवलं, बघूच. सिंक्रोच्या गाडीला डबल क्लचची गरज नसते, पण त्यानं बिघडतही काही नाही. क्लच, न्यूट्रल, क्लच सोडला, रेस. पहिल्यांदा रेस जास्त झाली, मोठी आई म्हणाली, "आता काय विमान उडवतं का?" पुढच्या उताराला पुन्हा. या वेळी इंजिनाचा आवाज चढला, मी एक श्वास थांबलो, दांडी दुसऱ्याच्या तोंडाशी नेली. ती आपणहून आत गेली. क्लच सोडला. काहीच झालं नाही, म्हणजे काहीही जाणवलं नाही.

मोठे बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी डॅशबोर्डवरचा हात काढला, खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली आणि दोन्ही हातांनी सोडायला लागले. मागून मोठी आई ओरडली, "गाडीत नाई म्हटलं ना!" त्यांना ऐकू गेलं नाही. निदान त्यांनी तसं दाखवलं तरी.